पालो ड्युरोचा गोपालक



अमेरिकेंतला गुराखी म्हटला कीं चित्रपटांतला घोडेस्वार आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. डोक्यावर रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, आणि खालीं भरधाव सुटलेला घोडा. हा गृहस्थ गुरें केव्हां राखतो, त्यांना पाणी कोठें पाजतो, वाटेंत जन्मलेल्या वासराचें काय करतो, याचा उलगडा चित्रपट संपेपर्यंत होत नाहीं. आज ज्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, त्या चार्लस गुडनाइटचें सारें आयुष्य याच प्रश्नांत गेलें. तो 5 मार्च 1836 रोजीं जन्मला आणि 12 डिसेंबर 1929 रोजीं वारला. या त्र्याण्णव वर्षांच्या अवधींत टेक्सस प्रांताच्या उत्तरेकडील एक ओसाड मुलूख शाळा, आगगाडी व न्यायकचेरी असलेला नांदता प्रदेश झाला, आणि त्यांत या एका माणसाचा हात फार मोठा होता. ‘ओसाड’ या शब्दांत मात्र एक लबाडी आहे. तिच्याकडे मी पुढें येणार आहें.

गुडनाइटचा जन्म इलिनॉय प्रांतांतला. पांच वर्षांचा असतां बाप वारला, आईनें दुसरें लग्न केलें, आणि 1845 सालीं हें बिऱ्हाड टेक्ससकडे निघालें. त्या आठशें मैलांच्या प्रवासांत नऊ वर्षांचा हा मुलगा खोगीर नसलेल्या घोडीवर बसून आला, असें सांगतात. शाळेशीं त्याचा संबंध कांहीं महिन्यांचाच. तो टेक्ससला येतांना मागें राहिला तो राहिलाच. विसाव्या वर्षीं सावत्र भाऊ वेस्ली शीक याच्याबरोबर त्यानें दुसऱ्याच्या मालकीचीं सुमारें 430 गुरें राखावयास घेतलीं. मोबदला काय, तर होणाऱ्या वासरांपैकीं दर चौथें वासरूं यांचें. आपल्याकडे गाय किंवा शेळी वाट्यानें राखावयास देतात, त्याच जातीचा हा व्यवहार. ज्याला पुढें लाखभर गुरांचा कारभार पाहावयाचा होता, त्याचा प्रारंभ असा चौथाईच्या वासरापासून झाला.

यादवी युद्ध संपलें तेव्हां टेक्ससमध्यें गुरें उदंड होतीं आणि पैसा नव्हता. पश्चिमेस न्यू मेक्सिकोंत सरकारी लष्कराला मांस हवें होतें. मध्यें मोठें निर्जल मैदान. 1866 च्या जूनमध्यें गुडनाइट व त्याहून तेवीस वर्षांनीं वडील असलेला ऑलिव्हर लव्हिंग यांनीं दोन हजार गुरें आणि अठरा माणसें घेऊन ही वाट धरली. निघण्यापूर्वीं गुडनाइटनें लष्कराची एक जुनी गाडी विकत घेऊन ती कठीण लांकडानें नव्यानें बांधून घेतली, आणि तिच्या पाठीमागें खणांची एक पेटी बसविली. पेटीचें झांकण खालीं पाडलें कीं त्याचा पोळपाट होई. पीठ, मीठ, कॉफी, औषधें, सुईदोरा, सारें त्या खणांत. ही चालती मुदपाकखान्याची गाडी इतकी सोयीची ठरली कीं थोड्याच वर्षांत ती सगळ्या कळपवाल्यांनीं उचलली. इतिहासांत तलवारींची वर्णनें फार आढळतात. माझ्या मतें या पेटीला त्यांच्या शेजारीं बसण्याचा हक्क आहे.

कांचो नदीचें पाणी सुटल्यावर पेकोस नदीपर्यंत ऐंशीं मैलांच्या पलीकडे पाण्याचा थेंब नव्हता. रात्रंदिवस हांकीत नेलेलीं तीं जनावरें पेकोसजवळ आलीं, वाऱ्यावर त्यांना पाण्याचा वास लागला, आणि कोणाच्याही आवरण्यापलीकडे जाऊन त्यांनीं उंच दरडींवरून प्रवाहांत उड्या घेतल्या. वाटेंत तहानेनें आणि नदींत गाळानें मिळून शेंकडों गुरें गेलीं. उरलेला कळप फोर्ट सम्नर येथें पोंचला, आणि उभ्या बैलाला पौंडामागें आठ सेंट असा भाव मिळाला. तो त्या काळीं कोणी स्वप्नांतही धरला नसता. बारा हजार डॉलर सोन्याच्या नाण्यांत घेऊन गुडनाइट नव्या कळपासाठीं परत निघाला. एका रात्रीं वादळांत ओझ्याचें खेंचर उधळलें. त्यानें धांवून सोनें वाचविलें, पण शिधा सगळा गेला. ओसाड रानांत सोन्याची थैली जवळ असून उपाशी घोडा हांकण्याचा अनुभव त्याला तीसाव्या वर्षीं मिळाला, आणि तो त्यानें म्हातारपणापर्यंत लोकांना ऐकविला.

पण हा भाव आला कोठून? फोर्ट सम्नरजवळ बॉस्क रेडोंडो येथें सरकारनें नव्हाहो जमातीचीं आठ हजारांवर माणसें त्यांच्या डोंगराळ देशांतून शेंकडों मैल चालवीत आणून डांबून ठेवलीं होतीं. पाणी खारट, मक्याच्या पिकाला कीड, जळणाला झाड नाहीं. हीं माणसें उपाशी मरूं नयेत म्हणून लष्कराला गुरें हवीं होतीं. 1868 च्या तहानें नव्हाहोंना आपल्या मुलखांत परत जाऊं दिलें. गुडनाइटच्या भांडवलाचा पहिला थेंब हा असा दुसऱ्याच्या उपासमारींतून गळला. त्यानें ती उपासमार घडविली नव्हती. त्यानें आणलेल्या मांसानें कांहीं जीव वांचलेही असतील. तरी चरित्र सांगतांना ही गोष्ट गाळून चालणार नाहीं.

वाटेवर रोज वासरें जन्मत. तीं कळपाबरोबर चालूं शकत नसत, म्हणून कळपवाले पहांटे तीं मारून टाकीत. पुढें गुडनाइटनें अशा वासरांसाठीं एक निराळी गाडी केली. तेव्हां एक नवीच अडचण दिसून आली. गाडींत वासरें एकमेकांना घासत, अंगाचे वास मिसळत, आणि संध्याकाळीं खालीं उतरविल्यावर गाय आपलेंच वासरूं हुंगून लाथ मारी. मग त्यानें प्रत्येक वासराला स्वतंत्र पोत्यांत घालून त्या पोत्यावर खूण केली. दुसऱ्या दिवशीं तेंच पोतें त्याच वासराला. अडचण मिटली. ज्यानें कधीं गोठ्यांत पाऊल टाकलें आहे, त्याला हा उपाय ऐकून या माणसाची सारी योग्यता कळून येईल.

लव्हिंग 1867 सालीं कोमांची लोकांच्या हल्ल्यांत जखमी झाला, आणि हाताची जखम कुजून 25 सप्टेंबर रोजीं फोर्ट सम्नर येथें वारला. परक्या मुलखांत आपल्याला ठेवूं नये, ही त्याची शेवटची इच्छा. गुडनाइटनें पुढें तें प्रेत उकरून काढलें; लष्कराचे रिकामे डबे ठोकून पत्र्याची पेटी केली, आंत कोळशाची पूड भरली, आणि गाडीवरून टेक्ससमधील वेदरफर्ड गांवीं तें घरीं पोंचविलें. इतकेंच नव्हे, तर मृत भागीदाराचा व्यवहार पुढें चालू ठेवून त्याचें कर्ज फेडलें व नफ्याचा वांटा त्याच्या कुटुंबाला दिला. लेखी करार नव्हता. याच वाटेवर बोस आयकार्ड नांवाचा एक काळा गुराखी त्याच्याबरोबर होता. हा जन्मानें गुलाम, युद्धानंतर मोकळा झालेला. बँक जवळ नसल्यामुळें हजारों डॉलर त्याच्यापाशीं ठेवले जात, कारण काळ्या माणसाच्या वळकटींत चोर सोनें शोधणार नाहींत! गुडनाइटनें त्याच्याइतका विश्वास कोणावर टाकला नाहीं असें तो स्वतःच सांगे. आयकार्ड 1929 सालीं वारला तेव्हां वेदरफर्डला त्याच्या थडग्यावर दगड बसविला तोही गुडनाइटनेंच. विश्वास एकाचा आणि लाखो एकरांचा कारभार दुसऱ्याचा, ही वांटणी कशी झाली, हें त्या दगडावर लिहिलेलें नाहीं.

आतां आपण पालो ड्युरोकडे वळूं. टेक्ससच्या नकाशाला उत्तरेकडे तव्याच्या दांड्यासारखा एक चौकोनी भाग आहे. त्याला पॅनहँडल म्हणतात. तेथील सपाट माळरान चालतां चालतां एकाएकीं पायाखालून तुटतें आणि तांबड्या कड्यांची एक प्रचंड दरी समोर येते. लांबी सुमारें 120 मैल, खोली कोठें कोठें आठशें फूट. आंत पाणी, गवत, आणि हिवाळ्याच्या वाऱ्यापासून आडोसा. 1873 च्या आर्थिक अरिष्टांत कोलोरॅडोंत सर्वस्व घालवून बसलेला गुडनाइट 1876 च्या शरद ऋतूंत सोळाशें गुरें घेऊन या दरीच्या तोंडाशीं आला. गाड्या मोकळ्या करून खेंचरांच्या पाठीवर तुकड्यातुकड्यांनीं खालीं उतरविल्या, आणि आंत चरणारे बायसनांचे कळप पुढें हांकलून देऊन आपलीं गुरें तेथें वसविलीं.

येथें ती मघांची लबाडी सांगितली पाहिजे. दरी ओसाड नव्हती. ती ओसाड केलेली होती. अवघ्या दोन वर्षांपूर्वीं, 28 सप्टेंबर 1874 रोजीं, कर्नल मेकेन्झीच्या फौजेनें या दरींत कोमांची, कायोवा व शायेन लोकांच्या छावण्या उधळल्या, तंबू व हिवाळ्याचा सांठा जाळला, आणि पकडलेल्या घोड्यांपैकीं हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. मैदानावरचा माणूस घोड्यावांचून लढूं शकत नाहीं, आणि शिकार करून जगूंही शकत नाहीं. ते लोक पायीं फोर्ट सिलच्या राखीव प्रदेशांत शरण गेले. गुडनाइट आला तेव्हां त्याला अडविणारें कोणी उरलें नव्हतें, म्हणून तो मुलूख ओसाड!

भांडवल मिळालें तें जॉन अडेअर या आयर्लंडमधील जमीनदाराकडून. 1877 च्या जूनमध्यें पांच वर्षांचा करार झाला: पैसा अडेअरचा, श्रम गुडनाइटचे, वर्षाला अडीच हजार डॉलर पगार, आणि मुदतीअखेर भांडवल व्याजासह फिटल्यावर एक-तृतीयांश मालकी. नांवसुद्धां अडेअरच्याच आद्याक्षरांचें, ‘जे.ए.’ रँच. याच अडेअरनें 1861 सालीं आयर्लंडमध्यें डेरीव्हे येथें 47 कुळें, एकंदर 244 माणसें, घरांतून बाहेर काढून रस्त्यावर टाकलीं होतीं. एका खंडांत कुळें हुसकावून जमवलेला पैसा दुसऱ्या खंडांत वसाहत उभारावयास आला. इतिहास असे हिशेब मांडून ठेवतो, आणि ते आपण बहुधा निरनिराळ्या वह्यांत वाचतों. 1885 च्या सुमारास जे.ए. ची जमीन तेरा लाख पंचवीस हजार एकरांपर्यंत, म्हणजे दोन हजार चौरस मैलांच्या वर गेली, आणि गुरें लाखभर झालीं. या राज्यांत दारू, जुगार व मारामारी यांना बंदी होती.

गुडनाइटची पत्नी मेरी ॲन, सगळे तिला मॉली म्हणत, अडेअर पतिपत्नींबरोबर येथें आली ती स्वतः गाडी हांकीत. दुसऱ्या स्त्रीचें तोंड तिला सहा-सहा महिने, कधीं वर्षभर दिसत नसे. एकदां एका गुराख्यानें तिला पोत्यांतून तीन कोंबड्या आणून दिल्या; कापावयास म्हणून. तिनें त्या कापल्या नाहींत. त्यांच्याशीं ती बोलत बसे. गुराख्यांचीं फाटलेलीं वस्त्रें शिवणें, आजारपण काढणें, अडाणी पोरांना अक्षरओळख करून देणें, हीं कामें तिनें आपण होऊन अंगावर घेतलीं. या वस्तीचें पहिलें इस्पितळ आणि पहिली शाळा म्हणजे या बाईची ओसरी.

त्याच सुमारास कातड्याचे व्यापारी बायसन मारीत होते. हा प्राणी तिकडे ‘बफेलो’ म्हणून ओळखला जातो, पण आपल्या म्हशीशीं त्याचें नातें दूरचें. पूर्वेकडील कारखान्यांना यंत्रांच्या पट्ट्यांसाठीं कातडें हवें होतें, म्हणून कातडें सोलून बाकीचें धूड कुजत टाकीत. 1878 नंतर दक्षिणेकडील मैदानावर हे कळप जवळजवळ नाहींसे झाले. दरींत मायेवेगळीं झालेलीं वासरें रात्रीं हंबरत. तें मॉलीला ऐकवेना. तिच्या आग्रहानें गुडनाइटनें कांहीं वासरें दोर टाकून पकडून आणलीं व गाईंच्या दुधावर वाढविलीं. दोन वर्षांपूर्वीं याच प्राण्याला त्यानें दरींतून हांकलून दिलें होतें. तेथून त्याचा स्वतःचा कळप झाला.

शिकार संपल्याचा खरा परिणाम झाला तो कोमांचींवर. 1878 सालीं क्वाना पार्कर हा त्यांचा पुढारी परवानगी घेऊन शिकारीसाठीं आपल्या लोकांसह दरींत आला. बायसन नाहींत असें पाहून त्यांनीं भुकेपोटीं गुडनाइटचीं गुरें मारण्यास प्रारंभ केला. क्वानाची आई सिंथिया ॲन ही लहानपणीं कोमांचींनीं पळवून नेलेली गोरी मुलगी. 1860 सालीं पीज नदीकांठीं तिला कोमांचींपासून हिरावून आणणाऱ्या तुकडींत वाटाड्या म्हणून तरुण गुडनाइट होता! आतां तिचा मुलगा समोर उभा. गुडनाइटनें वृद्धपणीं इव्हेट्स हेली या आपल्या चरित्रकाराला सांगितलें तें असें कीं, हा देश आमचा आहे हें तुला ठाऊक नाहीं काय, असा सवाल त्याला करण्यांत आला. त्यानें उत्तर दिलें कीं टेक्सस सरकारही मालकी सांगतें. तो वाद तुम्हीं सरकारशीं मिटवा, मी तुमच्याशीं मिटवावयास तयार आहें. शेवटीं तह झाला: बायसन सांपडेपर्यंत एक दिवसाआड दोन जनावरें कोमांचींना द्यावयाचीं, त्यांनीं बाकीच्या गुरांना हात लावावयाचा नाहीं. तो तह दोन्ही पक्षांनीं पाळला. या उत्तरांत चातुर्य आहे आणि थोडी पळवाटही आहे, हें आपण ऐकलेंच. पण त्या काळीं असा प्रसंग बहुधा बंदुकीनें मिटत असे, आणि येथें एकही माणूस पडला नाहीं. दोघांची मैत्री पुढें टिकली.

1880 सालीं मोबीटी गांवीं पॅनहँडलमधील पशुपालकांची संस्था स्थापन झाली. गुडनाइट तिचा पहिला अध्यक्ष. चोरी थांबविणें, खुणेची नोंद, चांगल्या वळूंचा प्रसार हीं तिचीं कामें. दक्षिण टेक्ससचीं गुरें या मार्गानें गेलीं कीं मागाहून येथील गुरें तापानें मरत, आणि नेणारीं मात्र धडधाकट राहत. त्याचें कारण गोचीड, हें थिओबाल्ड स्मिथनें 1893 सालीं सिद्ध केलें. तोंवर इलाज एकच, तीं गुरें येऊंच न देणें. म्हणून 1881 पासून हत्यारी माणसें रस्त्यावर उभीं राहिलीं. त्या बंदीला लोकांनीं विंचेस्टर बंदुकीचें नांव दिलें. दक्षिणेकडील लहान कळपवाल्यांना ही अरेरावीच वाटली. दुसरें, पॅनहँडलमध्यें पशुपालकांनीं मैलोगणती तारेचें कुंपण घातलें, कीं उत्तरेकडून भरकटणारीं गुरें आपलें गवत खाऊं नयेत. 1886 च्या जानेवारींत हिमवादळ आलें. वाऱ्याकडे पाठ करून दक्षिणेस सरकणारीं गुरें त्या तारेशीं अडलीं, आणि एकावर एक रचून तेथेंच गोठलीं. ज्याला वासराचा वास कळला, त्याच्या मंडळींना हें कळलें नाहीं!

सार्वजनिक शाळांसाठीं राखलेल्या सरकारी जमिनींवर मोठ्या पशुपालकांनीं कुंपणें घातल्याबद्दल खटले झाले, त्यांतून गुडनाइटही सुटला नाहीं. खंड किती द्यावयाचा यावर वाद होता. त्यानें आपल्या हिशेबाप्रमाणें रोख रक्कम हातगाडीवर घालून ऑस्टिन येथें खजिन्यांत नेली व खजिनदारानें ती नाकारली. 1886 सालीं क्लॅरेन्डन येथें पंचांनीं त्याला निर्दोष ठरविलें. पंच बहुतेक गुरांच्याच धंद्यांतले होते. निकालाचा फार अभिमान बाळगण्यासारखा तो प्रसंग नव्हता.

1887 सालीं तो जे.ए. मधून बाहेर पडला आणि नव्या आगगाडीच्या रस्त्यालगत घर बांधून राहिला. गांवाला त्याचेंच नांव मिळालें. मेक्सिकोंतील खाणींत त्यानें पुष्कळ पैसा बुडविला. या जोडप्यानें 1898 सालीं तेथें गुडनाइट कॉलेज काढलें. काम करून शिकूं पाहणाऱ्या आसपासच्या मुलांसाठीं. तें 1917 पर्यंत चाललें. बायसनांचा कळप तोंवर वाढला होता. 1902 सालीं यलोस्टोन उद्यानांत नवा कळप उभारतांना तीन नर त्याच्याकडून गेले. 1916 सालीं त्यानें कायोवा वृद्धांना आपल्या कळपांत जुन्या रीतीनें, तिरकामठ्यानें शिकार करावयास बोलाविलें. त्या शिकारीचें चित्रण झालें आहे.

मॉली 1926 सालीं वारली. त्यानंतर त्यानें 91 व्या वर्षीं पुन्हा लग्न केलें, हेंही चरित्रांत आहेच. त्या कळपाचे वंशज दरींत शंभरएक वर्षें बऱ्याच अंशीं विसरलेले असे राहिले. 1997 सालीं जे.ए. रँचनें ते टेक्सस सरकारला दिले. ते कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानांत आणले गेले तेव्हां एकाच रक्तांत पिढ्यान् पिढ्या वाढ झाल्यामुळें वासरें टिकत नव्हतीं. न्यू मेक्सिकोंतील दुसऱ्या कळपांतून 2003 सालीं तीन नर आणले, आणि संख्या चढूं लागली. 2011 पासून ते त्या उद्यानांत मोकळे फिरतात.

गुडनाइट गांव आतां फारसें उरलेलें नाहीं. टेंकाडावरच्या लहान स्मशानभूमींत नवराबायकोचीं थडगीं शेजारीं शेजारीं आहेत, आणि येणारे गुराखी तेथील कुंपणाच्या तारांना आपल्या गळ्यांतले रुमाल बांधून जातात. मॉलीच्या दगडावर, हिनें सारें आयुष्य दुसऱ्यांच्या सेवेंत घालविलें, अशा अर्थाची एक ओळ कोरलेली आहे.